तेरा तारखेचं उड्डाण

१

सोमवारी सकाळी माझ्या भाचीची नोकरी चोरीला गेली, तीही रुजू व्हायच्या आधीच.

मी एका विमान कंपनीच्या नोंदी विभागात एकतीस वर्षं काढली. वैमानिकांनी वहीत लिहिलेले तास खरे की फुगवलेले हे शोधायचं, एवढंच काम. त्यामुळे कोणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. मी निवृत्त झाले, स्वभाव झाला नाही. धाकटी दारात उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"मावशी, हे वाच," म्हणत तिने फोन पुढे केला.

धाकटी म्हणजे माझ्या बहिणीची धाकटी मुलगी. परदेशी जाऊन व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढून आली, त्याला दोन वर्षं झाली. परवाना एका देशाचा आणि नोकऱ्या दुसऱ्या देशांत, आणि प्रत्येक देशाचं म्हणणं एकच: आमच्या परीक्षा पुन्हा द्या, आमच्या डॉक्टरला डोळे पुन्हा दाखवा आणि येताना अनुभव घेऊन या. नोकरीशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय नोकरी नाही. एकशे चाळीस अर्ज केले पोरीने. शेवटी बेटाबेटांवर टपाल आणि माणसं पोचवणारी एक छोटी कंपनी तिचा परदेशी परवाना मान्य करून घ्यायला तयार झाली. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

आता त्या कंपनीला एक निनावी मेल गेला होता. त्यांनी तो जसाच्या तसा धाकटीकडे पाठवला होता.

"आपण निवडलेल्या मुलीच्या वहीतली उड्डाणे खरी वाटत नाहीत. मार्चच्या ४ तारखेला रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी, १३ तारखेला रात्री साडेदहाला आणि २७ तारखेला रात्री अकराला ती उडाल्याचे लिहिले आहे. त्या धावपट्टीवर दिवेच नाहीत. सूर्य मावळला की फाटकाला कुलूप लागते. लोकांचे जीव तिच्या हाती देण्याआधी कृपया तपासावे. एक हितचिंतक."

मला हसू आलं. विमानवाले वही लिहिताना गावचं घड्याळ बघत नाहीत. सगळ्या जगाची मिळून एक वेळ आहे, तीच लिहायची. धाकटीची शाळा होती तिथलं घड्याळ त्या वेळेच्या दहा तास पुढे. म्हणजे वहीत ४ तारखेचे रात्रीचे नऊ दहा असतील, तर तिथे ५ तारखेचे सकाळचे सात दहा. लख्ख उजेड.

"लिहिणारा आपल्या धंद्यातला नाही," मी म्हटलं. "तसं कळव आणि गप्प बस."

"कळवलं. ते म्हणतात, वेळेचा मुद्दा आम्हालाही कळतो. पण परवाना परदेशी, आणि माझी शाळा बंद पडलेली, कागद सगळे कोर्टाच्या कुलपात. तक्रार आली आहे तर तिन्ही उड्डाणं झाल्याचा पुरावा द्या. बुधवारी दुपारी चारपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला."

"पुरावा आहे?"

"चारला आणि सत्तावीसला शिक्षक बरोबर होते. ते लिहून देतील. तेराला..." ती थांबली. "तेराला मी एकटीच होते."

वैमानिक थांबून बोलायला लागला की समजावं, वहीत काहीतरी आहे. पण ही घरची पोर. मी तो विचार झटकला, आणि तिथेच चुकले.

२

मेल लिहिणाऱ्याने वही पाहिली होती, हे उघड होतं. ती वही पाहिलेली माणसं तीन, असं धाकटी म्हणाली. घरात भाऊजी, नोकऱ्या मिळवून देणारा एजंट आणि तिच्याबरोबर शिकलेला लंबू.

मी सुरुवात जावईबापूंपासून केली. हे थोरलीचे, म्हणजे धाकटीच्या मोठ्या बहिणीचे यजमान. धाकटी त्यांच्याच घरात राहते. त्यांची मोटार शिकवायची शाळा आहे आणि जगातली सगळी अक्कल दुसऱ्या गिअरमध्ये मावते अशी त्यांची समजूत आहे. धाकटीने त्यांच्या शाळेचं ऑफिस सांभाळावं, हे ते दोन वर्षं उठता बसता सांगत आले होते.

मी गेले तेव्हा ते एका गाडीच्या जादा ब्रेकखाली वाकून बघत होते.

"तुम्ही तिची वही उघडली होती?"

"उघडली. आकडे बघून झीट आली, मिटली." ते सरळ झाले. "मावशी, माझ्यावर संशय आहे का तुमचा?"

"माझा सगळ्यांवर असतो. तुम्हाला ती जायला नकोय."

"नकोच आहे. माणसाने चाकं जमिनीवर ठेवावीत. पण हे मी तिच्या तोंडावर सांगतो. चोरून कशाला लिहू?"

उघडपणे भांडणारा माणूस चोरून वार करत नाही, असं काही नसतं. मी मेल वाचून दाखवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलते का ते पाहत बसले.

"दिवे नाहीत?" ते मध्येच म्हणाले. "म्हणजे विमानतळावर दिवे नसतात? मग हेडलाइटवर उतरवतात की काय?"

सोंग घेणारा माणूस एवढा बावळट प्रश्न विचारत नाही. ज्याने तो मेल लिहिला त्याला तिथे दिवे नाहीत हे ठाऊक होतं. जावईबापूंना विमानतळ म्हटलं की झगमगाटच दिसत होता.

मी निघाले तेव्हा ते हात पुसत माझ्यामागे आले. "त्या लंबूला विचारा. गेल्याच महिन्यात दोन दिवस वही घेऊन गेला होता. आणि धाकटीची नोकरी गेली तर पुढचा नंबर कोणाचा आहे, तेही विचारा."

३

मी आधी एजंटाकडे गेले, कारण तो बोलका. बोलक्या माणसाला लपवायचं असतं तेव्हा तो जास्तच बोलतो.

त्याच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता आणि त्यावर टाचण्या. टाचण्या म्हणजे म्हणे त्याने नोकरीला लावलेले वैमानिक. समुद्रातही दोन टाचण्या होत्या.

"तुमच्या भाचीने मला वगळून परस्पर अर्ज केला," तो म्हणाला. "वाईट वाटलं. दीड वर्ष मी तिच्यासाठी मेल लिहीत होतो."

"म्हणून शेवटचा एक मेल तुम्हीच लिहिलात?"

तो रागावला नाही. कपाटातून त्याने धाकटीच्या वहीच्या प्रती काढल्या आणि माझ्यासमोर पसरल्या.

"मावशी, ती शाळा मीच सुचवली होती. तिथे दिवे नाहीत हे मला माहीत आहे. पण मी रोज पन्नास वह्या बघतो. जगाची वेळ कळत नाही असं दाखवून माझंच हसं कशाला करून घेऊ?"

"मुद्दाम दाखवलं असेल. अडाणी माणसाने लिहिलंय असं वाटावं म्हणून."

"असं म्हणता?" त्याने चष्मा चढवला, मेल पुन्हा वाचला, मग प्रतीवर बोट फिरवत गेला. बोट एका ठिकाणी थांबलं. "मग हे बघा. चार तारीख, एकवीस दहा. आहे. सत्तावीस तारीख, तेवीस शून्य शून्य. आहे. आणि तेरा तारखेचं उड्डाण?"

मी वाकून पाहिलं. वहीत तेरा तारखेला काहीच नव्हतं. साडेदहाचं उड्डाण होतं, पण बारा तारखेला.

एकतीस वर्षं लोकांच्या वह्यांवर भिंग धरलं, आणि भाचीची वही घरची म्हणून उघडलीसुद्धा नाही. माझी मलाच लाज वाटली.

"जगाच्या वेळेने बाराची रात्र म्हणजे तिथे तेराची सकाळ," एजंट हळूच म्हणाला. "लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. तो अडाणी नाही, मावशी. तो पायलट आहे."

४

लंबू विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून लोकांच्या बॅगा ओढतो. खिशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आणि अंगात पिवळं जाकीट. त्याच कंपनीच्या प्रतीक्षायादीत त्याचा पहिला नंबर होता. हे त्याने आपणहून सांगितलं, आणि सांगताना कानापर्यंत लाल झाला.

"वही कशाला नेली होती?"

"आम्ही पुष्कळ उड्डाणं बरोबर केली होती. माझे तास तिच्याशी ताडून बघायचे होते." त्याने बॅग खाली ठेवली. "तुम्हाला वाटतं मी केलं?"

"तिची नोकरी गेली तर तुझी होते. तिथे दिवे नाहीत हे तुला माहीत. बारा म्हणजे तेरा हेही माहीत. आणखी काय हवंय?"

एवढ्या उंच माणसाचे डोळे भरलेले बघणं बरं वाटत नाही, पण मी डोळ्यांवर कधीच भरवसा ठेवलेला नाही. मी एजंटाकडची प्रत त्याच्या हातात दिली.

"या तीन ओळींवर खुणा केल्यात. कुठल्या दिवशीची उड्डाणं आहेत, वाच."

त्याने नजर टाकली. "पाच, तेरा, अठ्ठावीस."

"कागदावर चार, बारा आणि सत्तावीस आहे."

"हो, पण उडालो ते दिवस हेच ना. पाच, तेरा, अठ्ठावीस." त्याला प्रश्नच कळेना. "मावशी, आम्ही असंच वाचतो."

मी पट्ट्याच्या कठड्याला टेकले. समोरून एक निळी बॅग गेली, वळसा घालून पुन्हा आली. मला आता मेल लिहिणारा हळूहळू दिसायला लागला होता, आणि तो दिसू नये असं वाटत होतं.

पायलटने लिहिलं असतं तर तिन्ही तारखा एक दिवस पुढे गेल्या असत्या. अडाण्याने लिहिलं असतं तर तिन्ही वहीतल्यासारख्या राहिल्या असत्या. इथे दोन वहीतून उतरवल्या होत्या आणि एकच बदलली होती. म्हणजे लिहिणाऱ्याने हिशोब केलाच नव्हता. दोन तारखा त्याने वहीत बघून लिहिल्या, तिसरी बघायची त्याला गरजच वाटली नाही. ती त्याला पाठ होती.

"तेराला तू तिथे होतास?" मी लंबूला विचारलं.

"तापाने पडलो होतो. खोलीतून उठलोसुद्धा नाही."

"मग विमानात कोण होतं?"

तो खाली बघायला लागला. "ते तिलाच विचारा," तो म्हणाला. "मी शब्द दिलाय."

५

बुधवारी दुपारी बाराला धाकटी माझ्या घरी आली. शिक्षकांचं पत्र आलं होतं, दोन उड्डाणांचा प्रश्न सुटला होता. राहिलं होतं एक, आणि हातात होते चार तास.

"तेराला तू एकटी नव्हतीस," मी म्हटलं.

तिने नखं कुरतडायला सुरुवात केली. नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासूनची खोड.

"शाळेच्या विमानात घरच्यांना बसवायचं नाही, असा नियम होता," ती शेवटी म्हणाली. "पण ती इतक्या लांबून दोन दिवसांसाठी आली होती. म्हटलं, एकदा तरी वरून दाखवावं. तळ्याकाठच्या धावपट्टीवर उतरलो, चहा प्यायलो, परत आलो. वहीत एकटी लिहिलं. तास तेच राहतात ना, मावशी? कोणी शेजारी असो नसो."

"तास तेच राहतात. कोण होतं?"

"ताई. तिचा वाढदिवस होता ना तेराला, म्हणून..."

वाक्य पुरं करायची तिला गरज पडली नाही. मी तिच्याकडे पाहत होते आणि तिच्या डोळ्यांत ते उतरताना मला दिसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वाढदिवस भाचीचा, आणि मला माणसांच्या तारखा कधी लक्षात राहत नाहीत, विमानांच्या राहतात.

"नाही," धाकटी म्हणाली. "ताई नाही. तिने मला वाढवलंय."

"मी जाऊन येते," मी म्हटलं. ती माझ्या आधी चपला घालून जिना उतरली होती.

६

थोरली औषधांच्या दुकानात काम करते. बारा वर्षांत तिच्या हातून एक गोळी इकडची तिकडे गेलेली नाही. चिठ्ठीवर तारीख जुनी दिसली, अक्षर वेगळं वाटलं, की ती औषध देत नाही. गिऱ्हाईक शिव्या घालो, रडो, ती म्हणते, शंका आहे तोवर हात लावायचा नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती काउंटरमागे बाटल्यांवरच्या तारखा तपासत होती. धाकटीला बघितलं आणि तिच्या हातातली बाटली हातातच राहिली.

मी काही विचारायच्या आधी तीच बोलली. "कळलं का?"

"का गं, ताई?" धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

थोरलीने बाटली जागेवर ठेवली. "तू नोकरीचं पत्र दाखवलंस त्या दिवशी मला इतका आनंद झाला. म्हटलं, आपलं उड्डाण वहीत कसं दिसतं ते बघावं. तळ्याच्या गावाचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, एकटी. मी शेजारी बसले होते, माझ्या गुडघ्यावर नकाशा होता, आणि तू लिहिलंस एकटी. वेळ रात्री साडेदहाची. आपण तर सकाळी गेलो होतो, आणि तिथे दिवे नाहीत, संध्याकाळी कुलूप लागतं, हे तूच मला तेव्हा दाखवलं होतंस. मग मी सगळी वही चाळली, रात्रीची अशी आणखी उड्डाणं निघाली. म्हटलं, मी बसले होते त्याच उड्डाणाचं हिने खोटं लिहिलंय, तर बाकीचं काय खरं असणार?"

"ती जगाची वेळ असते, ताई."

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुझे तास खोटे आहेत. तू तिथे समुद्रावरून माणसं घेऊन जाणार आणि तुला येतच नसणार. मी आठ दिवस झोपले नाही. मला तू घरी रिकामी बसलेली चालली असतीस. मेलेली चालली नसतीस."

धाकटी म्हणाली, "मला विचारायचं होतंस."

"खोटं लिहिणारी खोटं सांगेल असं वाटलं."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, आमच्या तिघींची तोंडं बघून परत गेलं. मला दोघींचाही राग आला होता. एकीने एक शब्द खोटा लिहिला, दुसरीने एक प्रश्न गिळला. राग बाजूला ठेवला, कारण दीड वाजला होता.

"आता ऐका," मी म्हटलं. "तेराचं उड्डाण झालं हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे. पण बहिणीची साक्ष कोणी मानणार नाही. तक्रार करणाऱ्याची मानतील. थोरले, हितचिंतकाच्या जागी तुझं नाव घालावं लागेल. मेल मी लिहिला, मी विमानात होते, मला वेळ वाचता आली नाही, असं. आणि धाकटे, तुला लिहावं लागेल की एकटी हा शब्द खोटा होता. ते वाचून ते तुला नकोही म्हणतील. पण अर्धंच खरं सांगायचं असेल तर मी यात नाही."

धाकटीने थोरलीच्या कानामागचं पेन काढून तिच्या हातात दिलं.

दोघींनी तिथेच, औषधांच्या बिलांच्या पाठीवर, कच्चं लिहिलं. थोरलीचं एका झटक्यात झालं. धाकटीने तीनदा खोडलं. चारला दहा मिनिटं कमी असताना मी दोन्ही मजकूर मेलने पाठवले.

सव्वापाचला उत्तर आलं. धाकटीने ते वाचून मला दिलं. तास ग्राह्य आहेत. एकटी ही नोंद दुरुस्त करून आणावी. पहिले सहा महिने प्रत्येक उड्डाणाची नोंद मुख्य वैमानिक तपासतील. एक तारखेला हजर व्हावे.

थोरली रडली. धाकटी रडली नाही. ती म्हणाली, "जाते, बॅग भरायची आहे."

मला वाटलं होतं, दोन दिवसांत निवळेल. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये ती वही उघडी होती. धाकटीनेच थोरलीला बसवलं होतं म्हणे. पहिल्या पानापासून. थोरली एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत होती, हे कुठलं गाव, हे कधीचं, या दिवशी बरोबर कोण होतं. धाकटी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती, सरळ, नेमकं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मी पुष्कळ वैमानिकांना असं बोलताना ऐकलं आहे. परीक्षकासमोर बसले की ते असंच बोलतात.

थोरलीलाही ते ऐकू येत होतं. ती पान उलटत होती आणि पुढचं विचारत होती.